गाडी चार्ज होईना

जनरेटरच्या खोलीत पाय पुसून जावं लागतं, असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण त्या खाणीवर लागायचं. टेकडी पोखरून खडी करण्याचं काम, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे धूळ. झाडं पांढरी, ट्रक पांढरे, माणसांच्या भुवया पांढऱ्या. आणि या सगळ्याच्या मधोमध पत्र्याची एक खोली, जिच्या फरशीत तोंड बघून घ्यावं. दाराशी गोणपाटाचा तुकडा अंथरलेला असे. पाय न पुसता कोणी आत आला तर मिस्त्री त्याला शब्दाने बोलत नसत. तो बाहेर पडेपर्यंत त्याच्या पायांकडे बघत राहत, बस. माणूस दुसऱ्यांदा तसा येत नसे.

मिस्त्रींचं वय पंचावन्न. त्यातली बावीस वर्षं या खोलीत गेलेली. टेकडीवर विजेची लाइन कधी आलीच नाही, त्यामुळे दगड फोडणाऱ्या क्रशरपासून ऑफिसातल्या पंख्यापर्यंत सगळं काही मिस्त्रींच्या डिझेल जनरेटरवर. तो बंद म्हणजे खाण बंद. एवढ्या मोठ्या गोष्टीचा मालक असल्यासारखा त्यांचा रुबाब होता, आणि तो त्यांना शोभायचाही. खांद्यावर कायम सुती चिंधी. बोलता बोलता हात आपोआप कशावर तरी फिरत असे. कधी पॅनेलवर, कधी नळीवर, कधी समोरच्याने टेकवलेल्या चहाच्या कपाखाली. पोरं त्यांना मागून ‘लख्ख’ म्हणत. मिस्त्रींना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

दरवर्षी विजेच्या तपासणीचे साहेब यायचे. ते खोलीच्या दारात उभे राहायचे, आत नजर टाकायचे, बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीटर लावून आकडा लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, “मिस्त्री, तुमच्या खोलीत काय तपासायचं? इथे जेवायला बसावं.” मग चहा व्हायचा, सही व्हायची आणि साहेब जायचे. मिस्त्री आठवडाभर हे वाक्य घरी ऐकवायचे. बायको म्हणायची, “मग बसा तिथेच जेवायला.”

तर अशा या माणसाच्या दारात एके दिवशी मोजणीच्या बाई आल्या. टेकडीचा किती भाग फोडून झाला, किती उरला, हे यंत्र लावून मोजायचं त्यांचं काम. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं चटपटीत. कंपनीने त्यांना नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी दिली होती. वरच्या ऑफिसात बसून गाड्या वाटणाऱ्यांना टेकडीवर विजेचा खांब नाही, हे बहुधा कोणी सांगितलं नव्हतं. बाई रात्रभर घरी गाडी चार्ज करून निघायच्या. पण चाळीस किलोमीटरची वाट आणि वर हा चढ, यात बॅटरी निम्म्याच्या खाली जायची. दिवसभर खाणीत फिरून संध्याकाळी घरी पोचण्याची खात्री राहायची नाही.

“मिस्त्री,” बाई म्हणाल्या, “तुमच्या जनरेटरवर माझी गाडी चार्ज होईल का?”

त्यांनी पाय पुसलेले मिस्त्रींनी आधीच बघून घेतलं होतं.

“का नाही होणार? अख्खी खाण चालते.”

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. ट्रकवाल्यांना तर महिनाभर पुरेल एवढा खुराक मिळाला. एक जण म्हणाला, “डिझेलच प्यायचं तर सरळ पी की बाई! गाळून कशाला पितेस?” दुसरा म्हणाला, उद्या बाई घोडा आणतील आणि त्याला ट्रकमध्ये घालून फिरवतील. बाई स्वतःही हसल्या, कारण हसण्यासारखंच होतं. एकटे मिस्त्री हसले नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. अकरा वाजता क्रशर तासभर थांबतो, जाळ्या साफ करायला. तेव्हा खडी धुण्याचा पंप आणि ऑफिसचे पंखे एवढ्यासाठी तो अवाढव्य जनरेटर नुसता फुरफुरत राहतो. इंजिनाला बिनओझ्याचं पळवलं की ते आतून काजळतं, धुराड्यातून काळं तेल थेंब थेंब गळतं, आणि मग ते पुसावं कोणाला लागतं? त्या तासात गाडी लावली तर इंजिनाला काम मिळेल, गाडीलाही पोटाला मिळेल. हे त्यांनी ट्रकवाल्यांना दोनदा समजावून सांगितलं. ट्रकवाल्यांनी दोन्ही वेळा घोड्याचाच विषय काढला.

ठरल्या दिवशी अकरा वाजता बाईंनी गाडी खोलीच्या भिंतीला लावली. मिस्त्रींनी त्यासाठी खास नवा सॉकेट बसवला होता. चार स्क्रू, चारही एका रेषेत. बाईंनी चार्जरची जाडजूड वायर काढली, एक टोक गाडीत, दुसरं सॉकेटमध्ये. बघायला सात-आठ जण जमले होते. वायरीच्या मधल्या डबीवर आधी निळा दिवा लागला. सगळे ‘आऽ’ म्हणाले. मग तो लाल झाला आणि लालच राहिला.

बाईंनी काढून पुन्हा घातलं. निळा, मग लाल. दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं. लाल. ऑफिसातल्या सॉकेटला लावलं. लाल.

“गाडीला डिझेलचा वास आला,” ट्रकवाला म्हणाला. “घरंदाज दिसतेय.”

बाईंनी गाडी विकणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडून एक झोपाळलेला आवाज म्हणाला, “लाल दिवा तीनदा लुकलुकतोय का? मग अर्थिंग नाही तिथे.”

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बावीस वर्षांत त्यांच्या खोलीला कोणी असं बोललं नव्हतं. ते फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाले, “अहो, अर्थिंगचा खड्डा दरवर्षी तपासतात. कागद आहे माझ्याकडे.”

“खड्डा असेल हो काका,” आवाज शांतपणे म्हणाला. “जनरेटरचा न्यूट्रल त्या खड्ड्याला जोडलाय का, ते बघा. जोडलेला नसेल तर गाडी वीज घेत नाही. मोटरी, पंखे, बाकी सगळं चालतं. गाडी तेवढी घेत नाही. तिला तशी शिकवणच आहे.”

“जोडलेला आहे,” मिस्त्री म्हणाले. “तांब्याची पट्टी आहे. मी स्वतः साफ करतो.”

आणि हे बोलता बोलताच ते अडखळले. का, ते त्यांना त्या क्षणी कळलं नाही. “जेवून येतो, मग बघतो,” असं म्हणून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. बाई ऑफिसकडे गेल्या. मिस्त्री जेवायला गेले नाहीत.

सगळे गेल्यावर त्यांनी जनरेटर बंद केला आणि त्याच्या कुशीतलं पत्र्याचं झाकण उघडलं. आत सगळं स्वच्छ. न्यूट्रलचा जाड बोल्ट एका बाजूला, अर्थिंगचा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये वीतभर मोकळी जागा. तिथे पट्टी हवी होती. ती नव्हती. दोन्ही बोल्टांवर नट मात्र व्यवस्थित आवळून बसवलेले. इतक्या व्यवस्थित की ते हात दुसऱ्या कोणाचे असणं शक्यच नव्हतं.

मिस्त्रींनी उठून आपली हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यात खालच्या कप्प्यात कापडात गुंडाळलेली एक वस्तू होती. ते कापड ते वर्षातून दोनदा सोडत, आतली तांब्याची पट्टी पुसत आणि ‘जास्तीची आहे, कधीतरी लागेल’ असं म्हणून परत गुंडाळून ठेवत. पट्टीच्या दोन टोकांना दोन भोकं होती. त्यांनी ती झाकणाच्या आत नेऊन धरली. भोकं बोल्टांवर बरोब्बर बसली.

मग सगळं आठवलं. आठवण्यासारखं फार काही नव्हतंच. साडेचार वर्षांपूर्वीच्या मोठ्या सर्व्हिसिंगचे दोन दिवस. खाण बंद. त्यांनी पट्टी काढली होती, कारण ती काळवंडली होती. बदलायची नव्हती, सैल नव्हती, नुसती काळवंडली होती. पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली, नट हरवू नयेत म्हणून परत बोल्टांवर फिरवून ठेवले, आणि तेवढ्यात डिझेलचा टँकर आला. टँकरवाला घाईत होता. मिस्त्री बाहेर गेले. परत आले तेव्हा झाकण लावायचं राहिलं होतं, म्हणून ते लावलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. एवढंच. असली विसराविसर कोणाची होत नाही? दुसऱ्या कोणी पट्टी काढलीच नसती, ही गोष्ट वेगळी.

मशीन चालायला ती पट्टी लागत नाही. माणूस वाचायला लागते. कुठे वायरीचं आवरण फाटलं आणि वीज पंपाच्या लोखंडात उतरली, तर ती या पट्टीच्या वाटेने जनरेटरकडे परत येते, ब्रेकर खटकन पडतो आणि वीज बंद होते. पट्टी नसेल तर ब्रेकरला काहीच कळत नाही. तो आपला उभाच राहतो, आणि वीज लोखंडात वाट बघत बसते.

ती पाच महिने वाट बघत बसली होती. मग तिला मिस्त्रींचा मेहुणा भेटला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला खाणीवर मिस्त्रींनीच लावलं होतं, धुण्याच्या पंपावर. भोळा, कामसू, जरा धांदरट. पंप गरम झालाय का हे हात लावून बघायची पद्धत सगळ्यांचीच होती. मिस्त्रींनी त्याला शिकवलेलं की पालथ्या हाताने बघायचं, म्हणजे वीज असली तर हात आपसूक झटकला जातो. त्या दिवशी त्याने सरळ तळवा ठेवला. वीज आली आणि मूठ आवळली गेली. कोणीतरी धावत जाऊन जनरेटर बंद करेपर्यंत उजव्या हाताचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन बोटं काढावी लागली. अंगठा आहे, पण वळत नाही.

चौकशी झाली. दोन ठिकाणी वायरींची आवरणं फाटलेली निघाली. दोन ठिकाणी वीज फुटूनही ब्रेकर का पडला नाही, हे विचारायला हवं होतं. विचारायचं कोणी, तर मिस्त्रींनी. त्यांनी ब्रेकर काढून तपासला, तो उत्तम होता. त्यांनी कागदावर लिहून दिलं: जनरेटर व ब्रेकर सुस्थितीत, कामगाराने ओल्या हाताने व सूचनेविरुद्ध तळव्याने पंप धरला. त्या वेळी त्यांचा त्यावर अगदी मनापासून विश्वास होता. मेहुण्याची नोकरी गेली. फाइलवर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असा शेरा बसला, त्यामुळे पदरात काही पडलं नाही.

दवाखान्यात मेहुण्याने एकदाच विचारलं होतं. “भावोजी, ब्रेकर पडायला पाहिजे होता ना?”

“पडायला तू त्याला वेळ कुठे दिलास?” असं मिस्त्री म्हणाले होते. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

हे सगळं त्या दुपारी मिस्त्रींच्या डोळ्यांपुढून गेलं की नाही, कोण जाणे. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसलं असतं की एका माणसाने पट्टी बसवली, नट आवळले, झाकण लावलं आणि हात पुसले. सहा मिनिटांचं काम. जनरेटर सुरू झाला. बाई आल्या, वायर लावली. निळा दिवा, मग हिरवा. जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या.

“काय होतं हो?” बाईंनी विचारलं.

“नट सैल होता,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी त्यांचे आभार मानले, आणि इतक्या मनापासून मानले की मिस्त्रींना दुसरीकडे बघावं लागलं.

पुढचा दीड महिना रोज अकराला गाडी यायची, भिंतीला लागायची, हिरवा दिवा लागायचा. इंजिनाचा आवाज जरासा जड व्हायचा. धुराड्यातलं तेल गळायचं थांबलं, मिस्त्री म्हणाले होते तसंच. कोणी त्यांची तारीफ केली की ते चिंधी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. घरी त्यांचं बोलणं कमी झालं. बायकोला वाटलं पित्त झालंय. ती रोज काहीबाही काढा देत राहिली आणि ते मुकाट्याने पीत राहिले. सांगावं असं त्यांना वाटत नव्हतं का? वाटत होतं. रोज अकरा ते बारा वाटत होतं. बारा वाजता क्रशर सुरू झाला की त्याच्या धडधडाटात ते वाटणं बुडून जायचं. चार वर्षं झाली, त्याची बोटं काही परत येणार नाहीत, आपली निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, अशी सगळी नेहमीची कारणं त्यांनी स्वतःला देऊन पाहिली. कारणं चांगली होती. समाधान मात्र झालं नाही.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा घरी आला. तो हल्ली एका दवाखान्याच्या वाहनतळावर टोकन द्यायचा, डाव्या हाताने. दिवसभर उन्हात उभं राहायचं काम. चहाचा कप त्याने डाव्या हाताने उचलला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विषयाला हात घातला.

“भावोजी, खाणीवर वजनकाट्याची जागा निघालीये म्हणे. ट्रकचे नंबर आणि वजन टाइप करायचं. एका हाताने जमेल मला. घरी करून बघितलंय.”

“हो, निघालीये,” मिस्त्री म्हणाले.

“साहेबांकडे शब्द टाकाल का? म्हणावं, तेव्हा चूक झाली त्याची, पण आता सुधारलाय. आता मी खरंच जपून असतो हो. ताईला विचारा.”

आतून ताई म्हणाली, “आता जपून काय उपयोग! तेव्हा जपला असतास तर?” त्यात दुष्टावा नव्हता. चार वर्षं ती हे वाक्य बोलत आली होती. मेहुणाही सवयीने हसला.

मिस्त्रींना तिथे बसवेना. “टाकतो शब्द,” असं म्हणून ते उठले आणि उगीचच मोरीचा नळ पुसायला लागले.

शनिवारी सकाळी ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांचा बेत साधा होता. खरं न सांगता काम होत असेल तर बघावं. मेहुण्याला नोकरी मिळाली की निदान अर्धं ओझं उतरेल, असा त्यांनी हिशेब घातला होता. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, कपाट उघडलं, फाइल काढली आणि एक कागद मिस्त्रींपुढे सरकवला.

“माझी काही हरकत नाही, मिस्त्री. पण निष्काळजीपणाचा शेरा असलेला माणूस परत घेता येत नाही. आणि शेरा कशावरून बसला, ते बघा. तुमचीच सही आहे.”

सही सुंदर होती. खालची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. मिस्त्रींनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बाहेर क्रशर थांबला. अकरा वाजले असणार. खिडकीतून बाईंची गाडी भिंतीला लागताना दिसली.

“हे खोटं आहे,” मिस्त्री म्हणाले.

“काय खोटं आहे?”

“पहिली ओळ. जनरेटर सुस्थितीत नव्हता. न्यूट्रलची पट्टी काढलेली होती. मी काढली होती. दीड महिन्यापूर्वीपर्यंत ती माझ्या पेटीत होती. ही गाडी आली नसती तर अजून पेटीतच असती.”

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग पंखा वाढवला. मग ते खुर्चीत बसले.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला. आता तुम्हाला.”

“बाईंना?”

“त्यांना नट सैल होता म्हणून सांगितलं.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. “मिस्त्री, हे कागदावर आलं तर तुमचं काय होईल हे मला सांगता येत नाही. कंपनीचं काय होईल तेही सांगता येत नाही. आज शनिवार आहे. घरी जा, नीट विचार करा. सोमवारीही हेच म्हणायचं असेल तर लिहून आणा, मी शिक्का मारून घेईन. आणला नाहीत तर आज आपलं काही बोलणं झालं नाही.”

अशी पळवाट समोर उघडी करून ठेवल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. मिस्त्रींना राग आला, आणि कोणाचा ते कळेना. खोलीकडे परत येताना ते पाय न पुसता आत गेले. आपल्याच पावलांचे ठसे फरशीवर बघून त्यांनी ते पुसलेही नाहीत.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी तिला उभ्या उभ्याच सांगितलं. तिचे हात चालूच राहिले. एक चादर झाली, दोन उशांचे अभ्रे झाले. मग ती थांबली.

“चार वर्षं तो माझं ऐकून घेतोय,” ती म्हणाली. “दर वेळी. प्रत्येक सणासमारंभाला, चारचौघांत. आणि हसतोय.”

“मला माहीत नव्हतं गं.”

“दीड महिना तर माहीत होतं ना!”

तिने घडी घातलेली चादर उगीच उलगडली आणि परत घडी घालायला घेतली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. “उद्या जा त्याच्याकडे. मी नाही येणार तुमच्याबरोबर. मी माझं मागाहून जाईन. मला माझं वेगळं बोलायचंय त्याच्याशी.”

रविवारी दुपारी मिस्त्री मेहुण्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्याची बायको कामावर गेलेली, सतरा वर्षांची मुलगी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत बसलेली. मेहुण्याने लगबगीने खुर्ची पुढे केली. भावोजी स्वतः आले म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं असावं. चेहरा तसाच होता.

मिस्त्रींनी सुरुवात जनरेटरपासून केली. इंजिन बिनओझ्याचं चाललं की कसं काजळतं ते सांगितलं. बाईंची गाडी, निळा दिवा, लाल दिवा, फोनवरचा तो झोपाळलेला आवाज. मग तपासणीचे साहेब कसे खड्डा तेवढा मोजून जातात ते. मग सर्व्हिसिंगचे दोन दिवस, डिझेलचा टँकर, टँकरवाल्याची घाई. मेहुणा मान डोलवत ऐकत होता. हे सगळं आपल्याला का सांगतायत, ते त्याला कळत नव्हतं, पण भावोजी मोठे, त्यांना मध्ये तोडायचं कसं? दहा-बारा मिनिटांनी मिस्त्री पट्टीपाशी आले, आणि आल्यावर त्यांना आणखी कुठे वळता येईना. तेव्हा त्यांनी ते सांगून टाकलं.

मेहुण्याची मान डोलायची थांबली.

“सर्व्हिसिंग कधी होतं?” त्याने विचारलं.

“तुझ्या अपघाताच्या आधी पाच महिने.”

“म्हणजे मी पालथा हात लावला असता...”

“हात कदाचित वाचला असता. पण पट्टी असती तर सरळ हात लावूनही काही झालं नसतं. ब्रेकर आधीच पडला असता. तू विचारलं होतंस तसं.”

“मी विचारलं होतं,” मेहुणा म्हणाला. जणू ते त्यालाही आत्ताच आठवत होतं. “मला नंतर वाटायला लागलं, आपल्याला यातलं काय कळतंय!”

मिस्त्री सोमवारच्या कागदाचं सांगायला लागले, शेरा निघेल म्हणाले, काट्याची जागा मिळेल की नाही ते मात्र आता सांगता येत नाही म्हणाले. मेहुणा ते ऐकत नव्हता. तो उठला. तो आता आपल्याला दार दाखवणार, असं मिस्त्रींना वाटलं आणि तेही उठून उभे राहिले. दार दाखवलं असतं तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं.

मेहुणा आतल्या खोलीच्या दाराशी गेला.

“बाहेर ये जरा,” तो म्हणाला.

मुलगी हातात पेन तसंच घेऊन आली. बापाच्या चेहऱ्याकडे बघून तिने मिस्त्रींकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं.

“बस,” मेहुणा तिला म्हणाला आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. “भावोजी, आता मला सांगितलंत ते हिला सांगा. मी सांगितलं तर हिला वाटेल, बाप सारवासारव करतोय. चार वर्षं मीच हिला सांगत आलोय, माझ्यासारखा धांदरटपणा करू नकोस, बघ माझं काय झालं.”

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. मिस्त्रींनी घसा खाकरला. या वेळी त्यांनी जनरेटरपासून सुरुवात केली नाही.

“तुझ्या बाबांची चूक नव्हती,” ते म्हणाले. “माझी होती.”